‘यंत्राशिवाय आइस्क्रीम’ : पाककृती तपासताना

उन्हाळ्याची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, महिलांच्या मासिकांत आणि मुलांच्या उपक्रम-पुस्तिकांतही एक मथळा हमखास दिसतो : ‘यंत्राशिवाय करा ताज्या फळांचे आइस्क्रीम’. पाककृती हा आपल्या मासिकाचा विषय नव्हे. पण या पाककृती नुसत्या चवीबद्दल बोलत नाहीत. दूध का आटवायचे, मीठ का घालायचे, अमुक तास का थांबायचे याची कारणेही त्या देतात; आणि ‘स्वयंपाकघरातील विज्ञान’ या नावाखाली ती कारणे थेट वर्गात पोहोचतात. तेव्हा प्रयोगवहीतील कृतीला आपण जे प्रश्न विचारतो तेच यांनाही विचारले पाहिजेत. सांगितलेले साहित्य पुरेसे आहे का? सांगितल्याप्रमाणे केल्यास सांगितलेला परिणाम मिळतो का? आणि दिलेले कारण खरे आहे का?

बहुतेक पाककृती मथळ्यातल्या पहिल्या शब्दावरच अडखळतात. ठरलेली कृती अशी असते : दूध आटवा, साखर घाला, गार करा, फळाचा गर मिसळा, डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा, दोन तासांनी काढून मिक्सरमधून फिरवा, पुन्हा आठ तास ठेवा. यात यंत्र नाही असे कोण म्हणेल? फ्रीजर हे घरातले सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र आहे, आणि मिक्सर हे दुसरे. ‘यंत्राशिवाय’ याचा येथे अर्थ एवढाच की आइस्क्रीमसाठी वेगळे यंत्र विकत घ्यायला नको. बाकीची दोन तुमच्याकडे असणारच, असे लेखिकेने किंवा लेखकाने गृहीत धरलेले आहे. नाशिकमधल्या वाचकाला हे खटकत नाही. पण नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठला जा. तालुक्यातल्या पाड्यांवर फ्रीज नसलेली घरे पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी वादळ झाले की वीज जाते ती केव्हा येईल हे सांगता येत नाही. तिथल्या शाळेतील मुलाने ही कृती वाचली तर त्याला एकच गोष्ट कळते : हे आपल्यासाठी नाही. आंबा त्याच्या दारात आहे, दूध मिळते, साखर मिळते, आणि तरीही नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची जबाबदारी पाककृतीकडे जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आइस्क्रीमचे यंत्र नेमके काय करते? १८४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या पॉटचे अमेरिकेत पेटंट घेतले. लाकडी बादली, तिच्यात धातूचा डबा, डब्यात फिरणारी पाती आणि वर हँडल. आपल्याकडे लग्नकार्यात आणि उन्हाळ्याच्या सुटीत ज्या पॉटभोवती मुलांची रांग लागत असे तो याच कुळातला. हे साधन दोन कामे एकाच वेळी करते. डब्याच्या कडेने ते मिश्रणातली उष्णता झपाट्याने काढून घेते, आणि कडेला धरलेला बर्फाचा पातळ थर लगेच खरवडून आत मिसळते. पहिल्या कामामुळे एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्माला येतात. दुसऱ्यामुळे त्यांतला कोणताही फार वाढत नाही आणि मिश्रणात थोडी हवाही कोंडली जाते. स्फटिक सुमारे ५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे झाले की जिभेला कचकच जाणवू लागते. आइस्क्रीम ‘मऊ’ आहे की ‘बर्फाळ’ हे मुख्यतः येथे ठरते, महागड्या सामग्रीने नव्हे.

हवेबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो; ती भेसळ समजली जाते. थोडी हवा नसेल तर आइस्क्रीम चमच्याने निघणार नाही. कारखान्यात ती भरपूर भरतात, म्हणून तर आपल्या देशातील नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. हा आकडा वर्गात जरूर सांगावा. घनतेचा याहून गोड प्रश्न मला माहीत नाही.

यंत्र बाजूला सारायचे असेल तर ही दोन्ही कामे दुसऱ्या कोणीतरी केली पाहिजेत. पाककृतींवर माझा मुख्य आक्षेप हा की त्या यंत्र काढून टाकतात, पण त्याचे काम कोणाला दिले हे सांगत नाहीत. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असते. एवढी थंडी पुरेशी आहे, असे कोणालाही वाटेल. पण डब्याभोवती असते ती हवा, आणि हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. हिवाळ्यात १० अंशांच्या हवेत आपण शाल पांघरून ओट्यावर बसू शकतो. १० अंशांच्या पाण्यात हात पाच मिनिटे ठेवून पाहावा. तापमान तेच, पण उष्णता जाण्याचा वेग निराळा. म्हणून फ्रीजरमधला एक लिटरचा डबा गोठायला पाच-सहा तास घेतो, आणि एवढ्या वेळात स्फटिक ऐसपैस वाढतात. दर अर्ध्या तासाने ढवळण्याची सूचना मूर्खपणाची नाही. न ढवळण्यापेक्षा ते चांगलेच. मात्र मिक्सरमध्ये फिरवताना मिश्रण तापते, आधी सर्वांत बारीक स्फटिक वितळतात, आणि पुन्हा गोठताना ते पाणी उरलेल्या मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते. ‘चार वेळा फिरवले तरी कचकचीत झाले’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे एक कारण हे.

काही पाककृती या अडचणीतून वेगळ्या वाटेने निघतात : क्रीम घट्ट फेसून घ्या, त्यात गोड घट्ट दूध मिसळा आणि गोठवा, ढवळायची गरज नाही. ही युक्ती शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. हवा आधीच भरलेली, पाणी कमी, साखर आणि स्निग्धांश जास्त; स्फटिकांना वाढायला जागाच नाही. पण ती जेथून उचलली तेथील क्रीममध्ये स्निग्धांश ३० टक्क्यांहून अधिक असतो. आपल्या किराणा दुकानात साध्या क्रीमचे जे पाकीट मिळते त्यात तो सुमारे २५ टक्के असतो, आणि ते कितीही फेसले तरी फेस उभा राहत नाही. पाककृती अनुवादित झाली, क्रीम झाले नाही! मग वाचक स्वतःच्या हाताला दोष देतो.

यंत्राशिवायच करायचे तर आपल्याकडे एक जुने आणि सच्चे उत्तर आहे : कुल्फी. कुल्फी ढवळत नाहीत, मग ती दगड का होत नाही? दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. दूध आटवून निम्मे केले की घन पदार्थांचे प्रमाण दुप्पट होते, म्हणजे १३ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर जाते. गोठायला पाणीच कमी उरते. शिवाय साचा अरुंद आणि निमुळता, त्यामुळे मधल्या भागापासून थंड भिंत कुठेही फार लांब नसते. आणि तो साचा हवेत नव्हे, तर बर्फ आणि मिठाच्या खाऱ्या पाण्यात बुडवलेला. तीनही अडचणींना तीन उत्तरे, आणि एकही सुटे पाते नाही. कुल्फीला ‘आइस्क्रीमचा देशी पर्याय’ म्हणून कोपऱ्यात बसवणाऱ्या लेखकांनी तिची रचना नीट पाहिलेली नसते.

फळांच्या बाबतीत तर या पाककृती फारच निष्काळजी असतात. ‘शेवटी फळांचे बारीक तुकडे मिसळा’ हे वाक्य जवळजवळ सर्वत्र आढळते. ताज्या आंब्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या फोडीत ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि साखर भोवतालच्या मिश्रणापेक्षा कमी. त्यामुळे आइस्क्रीम मऊ राहते आणि फोड खड्यासारखी दाताखाली येते. उपाय सोपा आहे : फोडी साखरेत घोळवून दोन-तीन तास ठेवाव्यात. परासरणाने पाणी बाहेर येते, थोडी साखर आत शिरते, आणि फोड मऊ राहते. सुटलेला पाक मिश्रणात घालावा. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते तोच हा प्रकार, आणि तो धडा पाठ्यपुस्तकात आहेच.

अननस आणि कच्ची पपई यांची गोष्ट निराळी. त्यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ताज्या अननसाचा रस दुधात पडला की थोड्या वेळाने दूध कडू लागते. अननस आधी साखरेत शिजवून घेतला तर विकर निष्क्रिय होते आणि दूध बिघडत नाही. आंबट फळे दूध नासवतात, कारण आम्लता वाढून सामू ४.६ च्या जवळ आला की दुधातले केसीन गोळा होऊन बसते. करवंद, जांभूळ, स्ट्रॉबेरी यांचा गर गरम दुधात घालूच नये. दूध साखर घालून अगदी गार करावे आणि गर शेवटी, गोठवायला ठेवण्याच्या क्षणी मिसळावा. थंडीत ही क्रिया मंद चालते आणि गोठण तिला गाठू देत नाही. पेठच्या शेजारी सुरगाणा तालुक्यात, बोरगावच्या बाजूला हिवाळ्यात स्ट्रॉबेरी होते. तिथल्या शाळांना हा प्रयोग आंब्याची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीत करता येईल, आणि त्या हवेत बर्फही अधिक टिकेल.

पुड्यांविषयी दोन शब्द. बाजारातल्या पाकिटांवर छापलेल्या पाककृतींत जी.एम.एस. आणि सी.एम.सी. अशी अक्षरे असतात. पहिले ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट. ते स्निग्ध कण आणि पाणी यांचे नाते सांभाळते. दुसरे कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज. ते सुटे पाणी बांधून ठेवते, म्हणून स्फटिक सावकाश वाढतात. यांतले विष कोणतेही नाही, पण जादूही नाही. दुधात शिजवलेले आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर दुसरे काम बऱ्यापैकी करते. पेठ तालुका नागलीचा आहे. नागलीचे सत्त्व काढण्याची पद्धत घराघरात माहीत आहे. ते एक चमचाभर दुधात शिजवले तर तेच काम होते. रंग किंचित करडा येतो, आंब्याच्या केशरी रंगात तो लपतो.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. ज्या थोड्या पाककृती खरोखर फ्रीजरशिवाय, बर्फ आणि मीठ वापरून करायला सांगतात, त्या कृती नीट देतात. कारण मात्र चुकीचे देतात. ‘मीठ घातल्याने बर्फ लवकर वितळत नाही’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आणि इतक्या शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे की त्याला लोकविज्ञानाचा दर्जा मिळाला आहे. खरे तर घडते ते बरोबर उलट. मिठामुळे बर्फ अधिक लवकर वितळतो, आणि वितळतो म्हणूनच थंडी मिळते.

बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि सतत परत चिकटत असतात. शून्य अंशाला दोन्ही वेग सारखे असतात. भोवतालच्या पाण्यात मीठ विरघळले की परत चिकटणाऱ्या रेणूंची संख्या घटते; सुटणाऱ्यांची घटत नाही. म्हणजे बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. खाली चूल नाही, मग तो कुठून येणार? खुद्द बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि आतल्या डब्यातून. त्यामुळे सगळ्यांचे तापमान खाली जाते, आणि दोन्ही वेग पुन्हा सारखे होईपर्यंत ते जातच राहते. वजनाने २३ टक्के मीठ असलेल्या द्रावणाला ही मर्यादा उणे २१ अंशांवर येते. त्याखाली मिठाने जाता येत नाही.

काही पुस्तकांत ‘मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू कमी होतो’ एवढेच लिहिलेले असते. हे वाक्य खरे आहे, पण स्पष्टीकरण म्हणून अपुरे आहे. गोठणबिंदू खाली गेल्याने कोणतीही वस्तू आपोआप थंड होत नाही. समुद्राच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे दोनच्या आसपास आहे, म्हणून वलसाडच्या किनाऱ्यावर कोणी कुडकुडत नाही! थंडी येते ती वितळण्यातून; गोठणबिंदू फक्त ती कुठवर जाऊ शकते हे सांगतो. हे दोन विचार वेगळे ठेवले नाहीत तर मुलांच्या डोक्यात ‘मिठात थंडावा असतो’ असे काहीतरी उरते.

याच गोंधळाचा आणखी एक प्रकार इतिहासाच्या अंगाने येतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दिलेली आहे, आणि तिचा उल्लेख मिठा-बर्फाच्या शेजारी ‘तेच तत्त्व’ म्हणून केला जातो. तत्त्व तेच नाही. सोरा पाण्यात विरघळताना स्वतःच बरीच उष्णता शोषतो, दर ग्रॅमला जवळपास ८० कॅलरी. तिथे बर्फ नाहीच. साधे मीठ विरघळताना त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीही शोषत नाही. आपल्या बादलीतली जवळजवळ सगळी थंडी बर्फाची आहे, मीठ फक्त दार उघडते. नवसागर आणि बर्फ यांच्या मिश्रणाचे तापमान हाच फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपल्या मोजपट्टीचा शून्य म्हणून घेतला होता. म्हणजे ही बादली तापमापनाच्या इतिहासातही बसलेली आहे.

हा वाद कागदावर मिटत नाही, असा माझा अनुभव आहे. पेठला जूनच्या पहिल्या आठवड्यात काही शिक्षकांबरोबर बसण्याचा योग आला तेव्हा आम्ही तो बादलीत मिटवला. गावठी आंब्यांचा हंगाम अजून संपला नव्हता. नाशिकहून दहा किलोची बर्फाची लादी गोणपाटात, भोवती भाताचे तूस भरून नेली. सुमारे ५५ किलोमीटरच्या प्रवासात तिच्यातले दीड-दोन किलो पाणी होऊन गेले. तूस हे उत्तम रोधक आहे आणि भात पिकवणाऱ्या तालुक्यात ते फुकट मिळते. स्टीलचे घट्ट झाकणाचे दोन सारखे डबे घेतले, प्रत्येकात तेच मिश्रण समान वजनाने भरले : आटवलेले दूध, आमरस, साखर. दोन सारख्या बादल्या, दोहोंत समान वजनाचा फोडलेला बर्फ. एका बादलीत बर्फाच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा खडे मीठ थराथराने घातले, दुसरीत घातले नाही. डबे हाताने गोल फिरवत राहायचे, तीन-चार मिनिटांनी झाकण पुसून उघडायचे आणि लाकडी पळीने कडा खरवडायच्या.

प्रयोगाआधी मी विचारले : कोणत्या बादलीतला बर्फ जास्त टिकेल? बहुतेक हात मिठाच्या बादलीसाठी वर गेले. एका बाईंनी कारणही दिले, मासे ताजे ठेवायला बर्फात मीठ घालतात ते बर्फ टिकावा म्हणूनच. निरीक्षण खरे, कारण तेवढे तपासायचे राहिलेले. वीस-पंचवीस मिनिटांनी मिठाच्या बादलीतल्या डब्याबाहेर हिमाचा पांढरा थर चढला होता आणि आत पळी उभी राहील इतके घट्ट आइस्क्रीम होते. बिनमिठाच्या बादलीतल्या डब्यात चांगला गार आमरस-दूध होते, आणखी वीस मिनिटे फिरवूनही ते तसेच राहिले. मग दोन्ही बादल्यांतले पाणी गाळून मोजले. मिठाच्या बादलीत पाणी कितीतरी जास्त, बिनमिठाच्या बादलीत बर्फ कितीतरी जास्त. बर्फ टिकला होता, आइस्क्रीम झाले नव्हते. यानंतर फळ्यावर फारसे लिहावे लागले नाही.

बिनमिठाच्या डब्यात कितीही वेळ फिरवून का होत नाही, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यासारखे आहे. साखर आणि दुधातले क्षार यांमुळे मिश्रण उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागते. बाहेरचा बर्फ शून्य अंशाला. शून्य अंशाची वस्तू दुसरीला उणे दोनपर्यंत कशी नेणार? आणि गोठू लागल्यावरही काम संपत नाही. जसजसा बर्फ धरतो तसतसे उरलेले पाणी अधिक गोड होते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. उणे आठ अंशांना मिश्रणातल्या पाण्याचा साधारण तीन-चतुर्थांश भाग गोठलेला असतो आणि उरलेला पाक असतो. आइस्क्रीम हे कधीच पूर्ण गोठलेले नसते. तसे ते असते तर चमचा वाकला असता. जास्त साखरेचे मिश्रण ‘धरत नाही’ याचे कारणही हेच, आणि ‘आंबा फार गोड आहे, साखर कमी घाला’ हा आजीचा सल्ला मधुमेहासाठी नसून गोठणबिंदूसाठी असतो.

बर्फ किती लागेल, हे बहुतेक पाककृती ‘भरपूर’ या शब्दावर भागवतात. आठवीच्या मुलाला हा हिशेब करता येतो. एक किलो मिश्रण २५ अंशांवरून उणे दोनवर आणायला, विशिष्ट उष्मा ०.८ धरून, सुमारे २२ हजार कॅलरी काढाव्या लागतात. त्यातले ७०० ग्रॅम पाणी धरले आणि त्यापैकी ५०० ग्रॅम गोठवायचे म्हटले तर आणखी ४० हजार. वरचे थोडे धरून ६५ हजार. भागिले ८० : सुमारे ८०० ग्रॅम बर्फ वितळला पाहिजे. म्हणजे किलोला किलोही नाही. मग प्रत्यक्षात तीन किलो का लागतो? बादलीतला सगळा बर्फ आणि पाणीच आधी शून्यावरून उणे १५ पर्यंत खाली जायचे असते, त्याला काही बर्फ खर्ची पडतो. आणि उरलेला बाहेरच्या हवेला थंड करण्यात जातो. बादलीभोवती गोणपाट आणि तूस असले की तीनचे दोन किलो होतात. दोन गटांना हीच स्पर्धा लावावी, कमीत कमी बर्फात कोण करून दाखवतो.

हेही सांगायला हवे की आपली बादलीसुद्धा पूर्णपणे ‘यंत्राशिवाय’ नाही. बर्फ कारखान्यात झाला; यंत्र नाशिकला आहे, इतकेच. १८३३ मध्ये बॉस्टनहून जहाजाने कोलकात्याला बर्फ आला तेव्हा तो तळ्यातला होता. आज तसा कोणी आणत नाही. पण थंडी दर ग्रॅमला ८० कॅलरी या दराने गोणपाटात गुंडाळून घाटापलीकडे नेता येते, हीच तर मुलांनी पाहण्याची गोष्ट आहे.

शाळेत करताना एक अडचण नक्की येणार. प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापी उणे १० ते ११० अंशांचा असतो. गोठणमिश्रणात तो धरला की पारा शेवटच्या खुणेखाली उतरतो आणि पुढे काही वाचता येत नाही. पुस्तकात उणे २० लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते शाळेच्या तापमापीवर पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. उणे ४० पर्यंतचा अल्कोहोल तापमापी मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास मोजण्यापुरते वेगळे मिश्रण करावे : एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ आधी विरघळवावे आणि मग त्यात फोडलेला बर्फ घालत जावे. तापमान उणे पाच ते उणे सातच्या दरम्यान स्थिरावते. मिठाचे प्रमाण बदलून तीन-चार वाचने घेतली की आलेख काढता येतो. हे वाचन विद्यार्थ्याचे स्वतःचे असते. पुस्तकातल्या उणे २१ पेक्षा त्याचे मोल अधिक.

सुरक्षिततेविषयी पाककृती जवळजवळ गप्प असतात. मिठा-बर्फाचे मिश्रण हातात धरून ठेवले तर भाजल्यासारखी इजा होते; मुले पैज लावतात, म्हणून आधीच बजावावे आणि डबा कापडाने धरायला लावावा. लादीचा बर्फ खाण्यासाठी नसतो असेच समजावे. खाण्याखेरीज इतर कामांसाठीच्या बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ मध्ये झाली. निळा बर्फ आपल्या बादलीला चालतो, पेल्यात चालत नाही. बादलीतले पाणी डब्याच्या झाकणापेक्षा चार बोटे खाली ठेवावे आणि प्रत्येक वेळी झाकण पुसूनच उघडावे. दूध उकळून झाकून गार केलेले असावे, पळी आणि डबा उकळत्या पाण्यातून काढलेले. गोठवल्याने जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. बरेचसे नुसते थांबतात.

राहिले बादलीतले खारे पाणी. ते झाडांच्या बुंध्याशी ओतू नये. पसरट ताटांत भरून, वर जाळी ठेवून उन्हात मांडावे. पेठला जूनचा पाऊस सुरू झाला की हे जमत नाही. तेव्हा चुलीवरच्या कढईत आटवावे. आम्ही तसे केले. मिळालेले मीठ तराजूत घातले तेव्हा ते सुरुवातीच्या वजनाच्या बरेच जवळ भरले. जे कमी पडले ते बादलीच्या तळाशी, गोणपाटात आणि फिरवणाऱ्यांच्या हातांवर होते.